सृजनाच्या फॉर्मवरचं अक्षर माझं

"मेनुका, त्या रकान्यात इंग्रजी लिहू नकोस," देविका दिदी म्हणाली होती. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा तर तिने माझ्या पेनावर बोट ठेवलं होतं.

ऑगस्ट महिना, शाळेच्या कचेरीत नावं नोंदवायची गर्दी. अमेरिकेतल्या अक्रन शहराच्या नॉर्थ हिल भागात आता दर तिसऱ्या घरात आमचीच, भूतानमधून निघालेली नेपाळी माणसं, त्यामुळे रांगेत निम्म्या बायका ओळखीच्या. देविका दिदी शाळेतच कामाला. नेपाळी बोलणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून त्यांना वर्ग समजावून सांगायचा, हे तिचं काम. शिकली दहावीपर्यंत, पण शाळेचं आतलं सगळं तिला माहीत.

फॉर्मवर तीन प्रश्न होते. मूल पहिल्यांदा कोणती भाषा शिकलं? घरी कोणत्या भाषेत बोलतं? घरातली मोठी माणसं आपसात कोणती भाषा बोलतात?

"नेपाळी लिहिलंस की पोरीची चाचणी होते," दिदी हळू आवाजात सांगत होती. "मग बाईंना कळतं, हिला भाषेची मदत हवी. इंग्रजी लिहिलंस तर कोणी विचारायलाही येणार नाही."

"दिदी, आमच्या घरी इंग्रजी येतं," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले.

"येतं आणि बोलतात यात फरक आहे, बी. ए. बाई."

बाजूच्या दोघी हसल्या. मला राग आला. मी तिन्ही रकान्यांत सुवाच्य अक्षरात 'इंग्रजी' लिहिलं.

आमच्यापैकी कोणीही तेच लिहिलं असतं, हे मी मनाला अजून सांगते. नेपाळमध्ये बेलडांगीच्या निर्वासित छावणीत बांबूच्या शाळेत आम्ही गणित, विज्ञान सगळं इंग्रजी पुस्तकांतून शिकलो, समजावून सांगायचे मात्र नेपाळीत. छावणीत कोणीही गोरा माणूस फॉर्म घेऊन आला की 'इंग्रजी येतं' म्हणायचं, ही सवय. त्याच्याही मागे आणखी एक भीती होती. मी तीन वर्षांची असताना भूतानमध्ये आमच्या अंगणात शिरगणतीचा साहेब खुर्ची टाकून बसला आणि बाबांनी त्याच्या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर दिलं. शाळेतून नेपाळी पुस्तकं त्याआधीच उचलून नेली होती. बाबांचं नाव परक्यांच्या यादीत गेलं, आणि वर्ष संपायच्या आत आम्ही ट्रकमध्ये होतो. बाबा अजून म्हणतात, "खरं सांगितलं तिथेच चुकलं." सरकारी कागदावर 'नेपाळी' लिहायला माझा हात धजत नाही. बी. ए. मी सिलीगुडीत केलं, पण ही भीती त्याच्या आधीपासूनची आहे.

माझ्या मागे हरिमाया भाउजू उभ्या होत्या. भाउजू म्हणजे वहिनी, पण नात्याच्या नव्हेत. आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या, विमानातून उतरून जेमतेम महिना झालेला. त्यांची सृजना नऊ वर्षांची, चौथीत जाणार होती. माझी अस्मी पाच वर्षांची, बालवर्गात.

"तुझं लिहिलंस तेच माझंही लिही," भाउजू म्हणाल्या आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

मी लिहिलं. खाली त्यांनी सही केली. सही करायला मीच त्यांना शिकवलं होतं.

अस्मीचं काही बिघडलं नाही. ती दोन वर्षं टीव्हीसमोर वाढली होती, इंग्रजी गाणी म्हणत दात घासायची. पण मी काळजी करणारी बाई. पोर वर्गात रडते का, डबा खाते का, हे पाहायला मी दर मंगळवारी शाळेत मदतीला जायला लागले. कागद कापायचे, पुस्तकं लावायची, रंग धुवायचे. ऑक्टोबरात मला चौथीच्या वर्गातही बोलावलं. तिथल्या बाई हॅलोरन. सृजनाच्या बाई.

हॅलोरनबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. सव्वीस मुलं, त्यातली नऊ इंग्रजी नव्याने शिकणारी. त्या नऊ जणांच्या बाकांवर कोपऱ्यात एक हिरवी टिकली चिकटवलेली असे. टिकली दिसली की बाई थांबायच्या. लांब वाक्याची तीन छोटी वाक्यं करायच्या, फळ्यावर चित्र काढायच्या, शेजारच्या मुलाला म्हणायच्या, "तू हिला एकदा दाखव पाहू." उत्तर लिहिता येत नसेल तर काढून दाखवायची मुभा होती. उत्तराला वेळही जास्त मिळायचा. मी कागद कापता कापता बघत राहायचे. एका वर्गात दोन वर्ग चालवत होती ती बाई, आणि तेही कोणाला कमी वाटू न देता.

सृजनाच्या बाकावर टिकली नव्हती.

त्या दिवशी पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हा धडा होता. बाई म्हणाल्या, पान उलटा आणि दोन वाक्यांत कारण लिहा. सृजनाने शेजारणीचा हात पाहिला आणि पान उलटलं. शेजारणीने पेन्सिल उचलली, हिनेही उचलली. मग मोत्यासारख्या अक्षरात तारीख लिहिली, मथळा लिहिला आणि फळ्यावरचा प्रश्न जसाच्या तसा उतरवून काढला. बाई बाकाजवळ आल्या तशी ती गोड हसली. बाई पुढे गेल्या.

मी खाली वाकून नेपाळीत विचारलं, "समजलं का गं?"

"हो."

"काय समजलं?"

तिने थोडा विचार केला. "काकी, बाईंचे ओठ फार भराभर हलतात. पण त्या रागावत नाहीत. मी हसले की पुढे जातात."

माझ्या हातातली कात्री तिथेच थांबली.

तास संपल्यावर हॅलोरनबाईंनी मला दाराशी गाठलं. "तुम्ही त्यांच्या शेजारी राहता ना? ही मुलगी घरी बोलते?"

"खूप. तोंड मिटत नाही."

"इंग्रजीत?"

नाही म्हणायला किती वेळ लागला असता? "हळूहळू," मी म्हणाले आणि अस्मीला न्यायला गेले.

त्यानंतरच्या मंगळवारी देविका दिदीने मला जिन्यात अडवलं. "सृजनाच्या बाकावर टिकली का नाही?"

"मला काय माहीत?"

"माझ्या यादीत तिचं नाव नाही. यादीत नसलेल्या पोराजवळ मी बसू शकत नाही, मला तसा हुकूम आहे. वरच्या मजल्यावरची पोर ना ती? फॉर्म कोणी भरला?"

"भाउजूंनी."

"हरिमायाने?" दिदी हसली, पण डोळे हसले नाहीत. "ती तर सहीसुद्धा तुला विचारून करते."

मी अस्मीचा कोट शोधायला लागले. कोट माझ्या हातातच होता.

जानेवारीत शाळेकडून भाउजूंना पत्र आलं. त्यांनी ते नेहमीप्रमाणे माझ्याकडे आणलं. बैठक होती. सृजना वर्गात मागे पडते आहे, तिच्यात काही दोष आहे का ते तपासलं आहे, त्यावर बोलायचं आहे. त्या दिवशी दिदी दुसऱ्या शाळेत होती, म्हणून दुभाषी म्हणून मीच गेले. भाउजूंनी लग्नातली शाल पांघरली होती.

गोल टेबलाभोवती हॅलोरनबाई, मुख्याध्यापिका आणि चाचण्या घेणारा एक तरुण. त्याने समोरचा कागद वाचायला घेतला. मुलगी डोळ्याला डोळा भिडवत नाही. प्रत्येक प्रश्नाला मान हलवते. अंगठा बोटांवर फिरवत राहते, एकसारखी, दिवसभर.

"मोजते ती," मी मध्येच बोलले.

"काय?"

मी माझा हात टेबलावर उघडा ठेवला. अंगठ्याने बोटांची पेरं मोजून दाखवली. करंगळीपासून एक, दोन, तीन. "असंच मोजतात आमच्याकडे. पाढे म्हणत असेल. आणि मोठ्यांच्या डोळ्यांत बघणं आमच्यात उद्धटपणा समजतात. मान हलवते कारण बाईंना नाही म्हणू नये असं तिला शिकवलंय."

तरुणाने भराभर लिहून घेतलं. त्याचा चेहरा उजळला होता. मला वाटलं, झालं, आता सुटलो. एवढ्यावर भागेल.

"हे फार उपयोगाचं आहे," तो म्हणाला. "पण मग तिला सूचना का कळत नाहीत? हा प्रश्न उरतोच." त्याने फायलीतून एक कागद काढून मधोमध ठेवला. "भाषेचा प्रश्न असता तर समजलो असतो. पण घरची भाषा इंग्रजी आहे. तिन्ही ठिकाणी."

कागदावर माझं अक्षर होतं. भाउजूंनी तो पाहिला आणि अभिमानाने माझ्याकडे बघून हसल्या.

हॅलोरनबाई मात्र भाउजूंकडे बघत होत्या. मग माझ्याकडे. "आईला दुभाषी लागते," त्या सावकाश म्हणाल्या. "मग घरी इंग्रजी कोण बोलतं?"

त्यांनी दार उघडून दिलं होतं. मला फक्त आत जायचं होतं. पण फॉर्मच्या तळाशी छापलेली ओळ मला दिसत होती, वरची सर्व माहिती खरी आहे अशी. त्याखाली भाउजूंची सही. आमचे ग्रीन कार्डाचे कागद त्याच महिन्यात कचेरीत पडून होते, त्यांचे अजून भरायचे होते. आणि अस्मीच्या फायलीत असाच एक कागद होता.

"वडील," मी म्हणाले. "वडिलांशी इंग्रजीत बोलते."

वडील त्या वेळी लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालत होते. त्यांना इंग्रजीत 'उद्या' म्हणता येत नव्हतं.

हॅलोरनबाई आणखी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान खाली घातली. ठरलं ते असं: सृजनाला शिकायला अडचण असलेल्या मुलांच्या वर्गात घालायचं. तिथे आठच मुलं, सोपी पुस्तकं, बेरीज-वजाबाकी. मी ते भाउजूंना नेपाळीत सांगितलं. काहीही लपवलं नाही असं मला तेव्हा वाटत होतं.

"आठच मुलं?" भाउजू खूश झाल्या. "म्हणजे बाई जास्त लक्ष देतील. सही कुठे करू?"

मी जागा दाखवली.

त्यानंतर मला घरात बसवेना. भांडी दोनदा घासायचे. अस्मीला शाळेत सोडून आले की खिडकीत उभी राहायचे. वरून भाउजूंच्या पावलांचा आवाज आला की नळ मोठा सोडायचे. माझा नवरा खगेंद्र म्हणाला, "तुला ताप आहे का?"

"नाही."

"मग काय आहे?"

मी सांगितलं. तो जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "कार्ड येऊ दे आधी. मग सांग हवं तर."

"आणि तोवर ती पोर?"

"तोवर बेरजा करेल. बेरजांनी कोणी मरत नाही."

सृजना छावणीत भागाकार करायची. तिची तिथली वही मी पाहिली होती. संध्याकाळी ती अस्मीशी खेळायला खाली यायची, तेव्हा एकदा तिला विचारलं, नवा वर्ग कसा आहे. "तिथे आम्हाला मणी ओवायला देतात," ती म्हणाली. "रंगांप्रमाणे. मी पहिली होते, काकी, रोजच पहिली. एक मुलगा ओरडतो, पण मनाने चांगला आहे." मग थोड्या वेळाने, "माझ्या बाई परत कधी बोलावतील?"

माझ्या बाई म्हणजे हॅलोरनबाई. मी तिला लाडू दिला.

फेब्रुवारीत भाउजूंच्या दिराचा फोन आला. आयोवात मांसाच्या कारखान्यात जागा आहेत, दोघांनाही काम मिळेल, शनिवारी निघा. आमच्या माणसांना निघायला वेळ लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी तांदळाच्या पिठाची सेल रोटी तळून वर घेऊन गेले. खोलीत चार पिशव्या, गुंडाळलेली गादी आणि सृजनाचा कोट.

भाउजूंनी पिशवीतून एक तपकिरी पाकीट काढून दाखवलं. "शाळेनं सगळे कागद दिलेत बघ. फॉर्म, चाचण्या, सगळं. पहिल्याच दिवशी नव्या बाईंच्या हातात देणार." मग डोळे मिचकावून म्हणाल्या, "कागद असला की आपल्याला कोणी हाकलत नाही, हो की नाही, मास्टरनी?"

"भाउजू," मी म्हणाले.

"काय गं?"

"पाकीट भिजू देऊ नका."

मी हे म्हणाले. दुसरं काही म्हणू शकले असते, वेळ होता, दार बंद होतं, ऐकणारं कोणी नव्हतं. आणि मी पाकीट भिजू देऊ नका म्हणाले. भाउजूंनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि वर गाठ मारली.

शनिवारी गाडी गेली. रविवारभर मी काय केलं ते आठवत नाही. सोमवारी शाळा उघडायच्या आधी मी देविका दिदीच्या दारात उभी होते.

तिने सगळं ऐकून घेतलं. चहा विचारला नाही. "माझ्याकडे कशाला आलीस? मी तर ऑगस्टातच सांगितलं होतं."

"मला एकटीला जायची भीती वाटते."

"आणि ती पोर पाच महिने एकटी बसली तेव्हा?" असं म्हणत तिने बूट घातले. "चल. तोंड तू उघडायचंस. मी फक्त शेजारी बसेन. तेच तर माझं काम."

हॅलोरनबाई फळा पुसत होत्या. मी सांगितलं, इंग्रजीत, उभ्यानेच. फॉर्म मी भरला. घरी कोणी इंग्रजी बोलत नाही. वडीलही नाहीत. त्या दिवशी मी खोटं बोलले.

हॅलोरनबाई मुलांच्या एका छोट्या खुर्चीत बसल्या. "मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही वडील म्हणालात तेव्हाच कळलं होतं. मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. पण कागद समोर होता, सव्वीस मुलं होती, आणि कागदावर विश्वास ठेवणं सोपं होतं." त्यांनी डोळे पुसले. मग त्या उठल्या. "फॉर्म चुकला म्हणून तुम्हाला कोणी कुठून काढणार नाही, मेनुका. फॉर्म बदलता येतो. आत्ता बदलू."

त्याच दिवशी अस्मीचा फॉर्मही बदलला. तिची चाचणी झाली. थोडी मदत लागेल असं निघालं. आता तिच्याही बाकावर हिरवी टिकली आहे. ती दिदीकडे आणखी एक मागत होती, कपाळाला लावायला.

सृजनाचं मात्र हातातून गेलं होतं. दिराचा पत्ता मिळून आयोवातली नेमकी शाळा सापडेपर्यंत दीड महिना गेला. हॅलोरनबाईंनी त्या शाळेला पत्र लिहिलं, फोन केला, स्वतःच्या सुट्टीत केला. मुलगी सहा आठवडे आली होती, असं कळलं. आईने आणलेल्या कागदांवरून तिला तशाच वर्गात घातलं होतं. दुरुस्त केलेला फॉर्म पोचला त्याच्या आदल्या आठवड्यात ते कुटुंब निघून गेलं होतं. भाउजूंचा फोन त्या शनिवारपासूनच लागत नाही. दीर म्हणतो, त्याच्याशी भांडण झालं, मग नेब्रास्काकडे गेले. इथल्या नेपाळी दुकानात कोणी सांगतं कॅन्सस. एवढं मला नक्की माहीत आहे: भाउजू पहिल्याच दिवशी प्लास्टिकची गाठ सोडून पाकीट नव्या बाईंच्या हातात देतात. दोन्ही हातांनी देतात. आणि त्या बाई ते वाचतात.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्हा वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांचं कोणी ना कोणी अमेरिकेत आहे. मुलगी आहे, भाचा आहे, कोणाची सून शाळेत शिकवते. त्यांना एकदा फोन करा. नेब्रास्का, कॅन्सस, आयोवा, जिथे मांसाचे कारखाने आहेत तिथली कुठलीही शाळा. सृजना रिजाल, दहा वर्षांची, उजव्या भुवईत तीळ, अक्षर फार सुंदर. तिला बघून या. नेपाळी येत नसेल तर हिंदीत बोला, तिला थोडं कळतं. तिला भागाकाराचं एक गणित घाला, आणि मग तिच्या बाईंना जाऊन सांगा की या मुलीच्या घरी नेपाळी बोलतात. त्यांनी कागद दाखवला तर म्हणा, ते लिहिणारी बाई अक्रनला आहे आणि ते खोटं आहे असं ती स्वतः सांगते. तेवढं झालं की मला कळवा. ती बरी आहे का, तेही कळवा.